निकेल-मॉलिब्डेनम कॅथोड: तिसरा धातू घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाण्यातून हायड्रोजन काढणारा कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) करण्यासाठी निकेल फोमवर (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर) निकेल-मॉलिब्डेनमचं प्लेटिंग केलं. १ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या क्षारीय द्रावणात) १० मिलीअँपिअर प्रवाहाला एका बॅचचा ओव्हरपोटेन्शिअल (हायड्रोजन काढायला लागणारा जादा विद्युतदाब, कमी तितका चांगला) ७० मिलीव्होल्ट आला, त्याच कृतीने केलेल्या दुसऱ्या बॅचचा १३०. पहिल्या बॅचमधला एक तुकडा रात्रभर चालवला तर आकडा आपोआप सुधारून ४५ वर आला. दुसरा तुकडा शनिवार-रविवार सेलमध्येच बुडून राहिला आणि सोमवारी २०० च्या वर गेला. काउंटर इलेक्ट्रोड (कॅथोडसमोरचा ॲनोड) म्हणून प्लॅटिनमची तार वापरली आहे. आता कोबाल्ट घालावा की फॉस्फरस, असं तुम्ही विचारलं आहे.

सध्या दोन्ही घालू नका. तुमच्याकडे एकाच पदार्थाचे चार आकडे आहेत आणि त्यातला कुठला उत्प्रेरकाचा, कुठला सेलचा, हे अजून ठरलेलं नाही. तिसरा घटक घातलात तर पाचवा आकडा मिळेल, आणि तो चांगला आला तरी कशामुळे आला ते सांगता येणार नाही. खरा प्रश्न दोन भागांचा आहे: मोजलेली क्रिया तुमच्या थराची आहे का, आणि असेल तर तो थर सेल बंद असताना टिकतो का. चारही आकड्यांची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ. (पुढे प्रवाह सगळीकडे प्रति चौरस सेंटिमीटर धरा.)

आधी थोडं निवडीमागच्या तर्काबद्दल, कारण कोबाल्टचा प्रश्न शेवटी तिथेच परत येणार आहे. हायड्रोजन तयार होताना तो धातूच्या पृष्ठभागावर अणुरूपात बसतो आणि मग जोडीने सुटतो. धातूने त्याला फार सैल धरलं तर तो बसतच नाही, फार घट्ट धरलं तर सुटत नाही. विद्युतरसायनशास्त्रज्ञ ट्रासाट्टी यांनी १९७२ मध्ये अनेक धातूंची क्रियाशीलता हायड्रोजनशी असलेल्या बंधाच्या ताकदीसमोर मांडली तेव्हा डोंगरासारखा आलेख मिळाला. प्लॅटिनम शिखराजवळ, तांबं-चांदी-सोनं सैल धरणाऱ्या उतारावर, मॉलिब्डेनम-टंगस्टन घट्ट धरणाऱ्या उतारावर. आम्लात हे चित्र बऱ्यापैकी पुरतं. क्षारात मात्र हायड्रोजन आयन जवळपास नसतातच, म्हणून आधी पाण्याचा रेणू फोडावा लागतो. त्यामुळे प्लॅटिनमसुद्धा क्षारात आम्लापेक्षा सुमारे शंभर पट मंद चालतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे बारीक पुंजके बसवले आणि क्षारातला वेग कित्येक पट वाढला. पाणी फोडायचं काम हायड्रॉक्साइडच्या कडेवर आणि हायड्रोजन जोडायचं काम धातूवर, अशी वाटणी त्यांनी दाखवली. निकेल-मॉलिब्डेनम चांगलं का चालतं हे समजून घ्यायलाही हीच वाटणी उपयोगी पडते. म्हणजे क्षारातल्या कॅथोडला पाणी फोडणं, हायड्रोजन बेताने धरणं आणि बुडबुडा लगेच सोडणं ही तिन्ही कामं करायची असतात. पदार्थ निवडून पहिली दोन साधतात, तिसरं मुख्यतः जाळीच्या आकारावर आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर ठरतं.

आता ४५ चा आकडा. उत्प्रेरक वापराने सुधारला तर आनंद मानण्याआधी काउंटर इलेक्ट्रोडकडे बघायचं. प्लॅटिनम ॲनोड म्हणून चालवलं की थोडं थोडं विरघळतं, प्रवाह सुरू-बंद केला तर जास्तच. विरघळलेलं प्लॅटिनम कॅथोडवर येऊन बसतं. चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोग्रॅम एवढंही निकेलच्या पृष्ठभागाचं वागणं बदलायला पुरतं. तुमच्या रात्रभरच्या सुधारणेचं पहिलं संशयित हेच. मध्ये मेंब्रेन (पातळ पडदा) किंवा फ्रिट (सच्छिद्र काचेची चकती) लावल्याने स्थलांतर मंदावतं, थांबत नाही.

तपासणी सोपी आहे. काहीही न चढवलेला, फक्त स्वच्छ केलेला निकेल फोम घ्या आणि प्लॅटिनम काउंटर ठेवून त्याच प्रवाहाला रात्रभर चालवा. दुसरा तसाच तुकडा निकेल जाळीच्या काउंटरसमोर, नव्या द्रावणात चालवा. निव्वळ निकेल दीर्घकाळ कॅथोड म्हणून चाललं की पृष्ठभागाजवळ हायड्राइड तयार होऊन सहसा बिघडतं. पहिला तुकडा सुधारला आणि दुसरा नाही, तर उत्तर मिळालं. दोन्ही सुधारले तर केओएचमधल्या लोखंडावर संशय घ्या, कारण तेही कॅथोडवर बसतं.

प्लॅटिनम शोधायला केवळ एक्सपीएसवर (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तंत्रावर) विसंबू नका. त्याच्या आलेखात निकेलची ३पी आणि प्लॅटिनमची ४एफ शिखरं जवळजवळ येतात, त्यामुळे थोडं प्लॅटिनम निकेलच्या सावलीत सहज लपतं. तुकडा अम्लराजात (तीव्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून आयसीपी-एमएस (द्रावणातले धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारी चाचणी) करणं जास्त खात्रीचं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत काउंटर म्हणून कॅथोडच्या तिप्पट-चौपट क्षेत्रफळाची निकेल जाळी वापरा. ग्रॅफाइटची कांडी बरेच जण सुचवतात. आम्लात ती ठीक आहे, पण क्षारात मोठ्या प्रवाहाला ती झिजते, काळी पूड पडते आणि कार्बोनेट वाढतं.

७० आणि १३० मधला फरक जास्त गुंतागुंतीचा आहे. इथे आधी मोजमाप, मग बाथ (प्लेटिंगचं द्रावण), असा क्रम ठेवा.

सेलचा रोध इथे मुख्य गुन्हेगार नसावा. १ चौ. सेंमी. तुकड्याला १ ओहम रोध धरला तर १० मिलीअँपिअरला चूक फक्त १० मिलीव्होल्टची होते. तीच ५०० मिलीअँपिअरला अर्ध्या व्होल्टची होते, म्हणून मोठ्या प्रवाहाच्या मोजणीत रोध इम्पीडन्सने (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोजणीने) दर वेळी नव्याने काढा. तिथे रोधात ०.१ ओहमची गफलत झाली तरी ५० मिलीव्होल्ट इकडचे तिकडे होतात. रोधाची ८५ ते ९० टक्के भरपाई यंत्रातच लावून उरलेली हिशेबात वजा केलेली बरी. शंभर टक्के लावली की पोटेन्शिओस्टॅट (विभव राखणारं आणि मोजणारं यंत्र) डगमगतो.

रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो) मात्र ६० मिलीव्होल्टचा फरक एकटा पाडू शकतो. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. तीव्र क्षार आत शिरून तो सरकतो आणि क्लोराइड बाहेर येतं. मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड घ्या आणि त्याच्या आत सेलमध्ये आहे तेच १ मोलर केओएच भरा. आरएचईवर (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापपट्टीवर) नेण्यासाठी त्यात साधारण ०.९२ व्होल्ट मिळवतात, पण पुस्तकातला आकडा तसाच लावू नका. स्वच्छ प्लॅटिनम तारेवरून अर्धा तास हायड्रोजन सोडा, प्रवाह शून्य असताना विभव स्थिर झाला की तीच तुमची त्या दिवशीची दुरुस्ती. हे वेगळ्या सेलमध्ये, फ्यूमहूडमध्ये करा, कारण हवेत ४ टक्क्यांपासून हायड्रोजन पेट घेतो. आठवड्यातून एकदा केलंत तर इलेक्ट्रोड किती सरकतो याचीही नोंद राहते.

तिसरी जागा म्हणजे फोमचं क्षेत्रफळ. फोम स्पंजासारखा द्रावण वर ओढतो. तुम्ही १ सेंमी. बुडवता आणि प्रत्यक्षात दीड सेंमी. ओला होऊन काम करत असतो. वर चिमटा असेल तर केओएच तिथपर्यंत चढून चिमट्याचं तांबं खाली आणतं. म्हणून १ चौ. सेंमी. सोडून वरचा भाग क्षारात टिकणाऱ्या इपॉक्सीने पूर्ण भरून बंद करा. नुसती टेप गुंडाळली तर आतली भोकं उघडीच राहतात. आणि १.६ मिमी. जाडीच्या फोममध्ये धातूचा खरा पृष्ठभाग भौमितिक क्षेत्रफळाच्या कितीतरी पट असतो. म्हणून सपाट निकेल पत्र्यावरही तोच थर चढवून मोजा. पत्र्यावर १८० आणि फोमवर ७० येत असेल तर त्यातला मोठा वाटा फोमचा आहे.

केओएचबद्दलही सांगायला हवं. गोळ्यांमध्ये साधारण १५ टक्के पाणी असतं, म्हणून १ मोलरसाठी लिटरला ५६ नव्हे, ६६ ग्रॅम लागतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघडलेली बाटली आठवड्याभरात ओलसर होते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही खाते. तेव्हा दर बॅचला टायट्रेशन करून खरी तीव्रता लिहा. द्रावण काचेत साठवू नका. क्षार काच विरघळवतो आणि सिलिकेटबरोबर इतर अंशही आणतो. पॉलिप्रॉपिलीनची बाटली आणि टेफ्लॉनचा सेल घ्या.

हे सगळं जुळवूनही फरक राहिला तर तो बाथमधून येतोय. मॉलिब्डेनम पाण्यातून एकटं धातुरूपात बसत नाही. निकेल बसत असताना त्याच्या संगतीने बसतं. तुम्ही नेमकं प्रमाण दिलं नाही, म्हणून सुरुवातीला चालणारा एक बाथ देतो. १ लिटरला निकेल सल्फेट हेक्झाहायड्रेट ७९ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ८८ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेट ४.८ ग्रॅम, अमोनियाने पीएच ९.५. तापमान २५ ते ३० अंश, प्रवाह १०० मिलीअँपिअर, १० मिनिटं, ॲनोड निकेलचा. इथेही प्लॅटिनम ॲनोड नको.

या बाथमध्ये निकेल ०.३ मोलर आणि मॉलिब्डेट फक्त ०.०२ मोलर आहे. म्हणजे थरात मॉलिब्डेनम किती येईल हे मुख्यतः मॉलिब्डेट पृष्ठभागापर्यंत किती वेगाने पोहोचतं यावर ठरतं. ढवळण्याचा वेग बदलला, चुंबकाची कांडी बदलली, तुकडा बीकरच्या कडेला सरकला, की मिश्रधातूचं प्रमाण बदललं. ‘त्याच कृतीने’ केलेल्या दोन बॅचेस बहुधा इथेच फाटतात. शिवाय बाथ लहान असेल तर तो झपाट्याने म्हातारा होतो. ५० मिलीमध्ये मॉलिब्डेनम एकूण १ मिलीमोल. थरात २० अणुटक्के मॉलिब्डेनम आणि प्रवाहाची कार्यक्षमता निम्मी धरली तर १ चौ. सेंमी. तुकडा त्यातलं सुमारे २ टक्के घेऊन जातो. दहा तुकड्यांनंतरचा बाथ पहिल्यासारखा राहत नाही. उघड्या बीकरमधून अमोनिया उडून पीएचही उतरतो. म्हणून किमान २५० मिली बाथ, ढवळण्याचा ठरलेला वेग, तुकडा आणि ॲनोड यांच्या ठरलेल्या जागा, आणि प्रत्येक तुकड्याआधी पीएच. तुकडा आधी व नंतर वाळवून तोला. प्लेटिंग करताना बराच प्रवाह हायड्रोजन काढण्यात जातो, त्यामुळे नुसत्या कूलंबवरून (वाहिलेल्या विद्युतभारावरून) काढलेली जाडी फुगलेली येते. प्रत्येक बॅचमधला एक तुकडा विरघळवून निकेल-मॉलिब्डेनमचं गुणोत्तर काढा आणि मगच दोन बॅचेसची तुलना करा.

प्लेटिंगआधीची सफाईही सारखी हवी: ॲसिटोन, मग ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १० मिनिटं सोनिकेशन, भरपूर पाणी, आणि ओला असतानाच बाथमध्ये. धुऊन ठेवलेला फोम दुसऱ्या दिवशी वापरला तर वर पुन्हा ऑक्साइड आलेलं असतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो.

राहिला सोमवारचा २०० चा आकडा. माझ्या मते चारांत सर्वांत मोलाचा हाच आहे, कारण प्रत्यक्ष कारखान्यात कॅथोड नेमका असाच मरतो. प्रवाह बंद झाला की हवेतला आणि ॲनोडकडचा ऑक्सिजन द्रावणातून कॅथोडपर्यंत पोहोचतो, त्याचा विभव वर चढतो. आरएचईवर सुमारे ०.१ व्होल्टच्या पुढे निकेलचं हायड्रॉक्साइड होऊ लागतं. मॉलिब्डेनम त्याही आधी मॉलिब्डेट होऊन क्षारात उतरू लागतं. दोन दिवसांत वरच्या थरातलं मॉलिब्डेनम निघून जातं आणि पोकळ, हायड्रॉक्साइडने झाकलेलं निकेल उरतं. मोठ्या स्टॅकमध्ये (जोडलेल्या अनेक सेलांच्या संचात) तर बंद केल्यावर सामाईक लाय-नळीतून (सगळ्या सेलांना क्षार पुरवणाऱ्या नळीतून) उलटा प्रवाह वाहतो आणि कॅथोड काही काळ चक्क ॲनोड होतो.

लॅबमध्ये यावर दोन उपाय आहेत. सेल सोडून जाताना १ ते ५ मिलीअँपिअरचा कॅथोडिक प्रवाह चालू ठेवा. नाहीतर तुकडा काढून, पाण्याने धुऊन, नायट्रोजनमध्ये वाळवून ठेवा. पण उपाय करून विषय मिटवू नका, त्याची चाचणीच करा: २०० मिलीअँपिअरला १ तास, मग ५ मिनिटं उघडं सर्किट, अशी ५० आवर्तनं. दर दहा आवर्तनांना ओव्हरपोटेन्शिअल घ्या आणि द्रावणाचे ५ मिली काढून आयसीपीला द्या. द्रावणात मॉलिब्डेनम सरळ रेषेत वाढत गेलं तर थर झिजतोय. सुरुवातीला उडी मारून स्थिरावलं तर फक्त पृष्ठभागावरचं सैल ऑक्साइड गेलं. दोन्हींचे अर्थ फार वेगळे.

१० मिलीअँपिअरवरच थांबू नका असं आग्रहाने सांगतो. तो आकडा मुळात सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांच्या संदर्भात रूढ झाला. क्षारीय इलेक्ट्रोलायझर २५ ते ३० टक्के केओएचमध्ये, ७० ते ९० अंशांना, साधारण २०० ते ४०० मिलीअँपिअरवर चालतो. तिथे पहिल्या शंभर मिलीव्होल्टपेक्षा बुडबुडे, थराचं चिकटून राहणं आणि झीज हेच निर्णायक ठरतात. जाड फोमच्या आतली भोकं वायूने भरतात आणि आतला उत्प्रेरक निकामी होतो. विणलेली जाळी तिथे बरेचदा सरस ठरते. उत्प्रेरकाची पूड नॅफिऑनने (एका पॉलिमरने) चिकटवलेले इलेक्ट्रोड इतक्या बुडबुड्यांत गळतात. थेट धातूवर वाढवलेला थर टिकतो, तेव्हा प्लेटिंगची तुमची वाट योग्य आहे.

तरी मिलीव्होल्ट वाचवण्याची किंमत काय, तेही मांडतो. १ किलो हायड्रोजनला सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात, उत्प्रेरक कुठलाही असो. सेल १.८ व्होल्टवर चालला तर त्याची वीज होते ४८ युनिट, २ व्होल्टवर ५३. म्हणजे दर १०० मिलीव्होल्टमागे किलोला २.६६ युनिट. तुमच्या दोन बॅचेसमधला ६० मिलीव्होल्टचा फरक मोठ्या प्रवाहालाही तसाच राहिला तर किलोमागे दीड युनिटाहून थोडा जास्त. वर्षानुवर्षं चालणाऱ्या प्लांटसाठी हा पैसा खरा आहे. पण तीन महिन्यांत ७० चा २०० होणारा कॅथोड या हिशेबात १३० वर कायम राहणाऱ्या कॅथोडपुढे हरतो.

टाफेल उताराबद्दल (प्रवाह दहापट व्हायला ओव्हरपोटेन्शिअल किती वाढवावा लागतो त्याबद्दल) तुम्ही विचारलं नाही, पण प्रबंधात तो येईलच. १२०, ४० आणि ३० मिलीव्होल्ट प्रति दशक (प्रवाहाच्या दर दहापटीमागे) हे आकडे सपाट, स्वच्छ पृष्ठभागाच्या आदर्श गृहीतकांवर येतात. सच्छिद्र फोमवर उतार छिद्रांतल्या वहनामुळे बदलतो, रोधाची भरपाई कमी पडली की फुगतो. विभव सलग बदलत घेतलेल्या स्कॅनमधून उतार काढू नका. प्रत्येक प्रवाहाला ५ ते १० मिनिटं थांबून स्थिर विभव घ्या, किमान दोन दशकांत. तेवढी सरळ रेषा मिळत नसेल तर यंत्रणेबद्दल विधान न केलेलं बरं.

आता कोबाल्ट आणि फॉस्फरस. फॉस्फरससाठी बाथमध्ये हायपोफॉस्फाइट घालाल तर निकेल बसण्याची चालही बदलेल आणि त्याबरोबर मॉलिब्डेनमचं प्रमाणही. एका वेळी दोन गोष्टी हलतील. शिवाय फॉस्फाइडचा पृष्ठभाग क्षारात ऑक्सिडाइझ होऊन फॉस्फरस फॉस्फेटरूपात सोडतो, म्हणजे तुमचा सोमवारचा प्रश्न तसाच राहतो. कोबाल्टमुळे काही प्रमाणात सुधारणा होऊ शकते, पण तो निकेलपेक्षा महाग आहे आणि त्याचा पुरवठा मोजक्या देशांतून होतो. ४५ चे ४० करायला तो घालण्यात मला अर्थ दिसत नाही. बंद-चालू आवर्तनांत मॉलिब्डेनमची गळती त्याने कमी होते असं दिसलं तर गोष्ट वेगळी.

त्याआधी मी दोन गोष्टी करून बघेन. एक, मॉलिब्डेट ०.००५, ०.०१, ०.०२ आणि ०.०४ मोलर ठेवून चार बाथ, प्रत्येकी तीन तुकडे, पत्रा आणि फोम दोन्हीवर. प्रमाण बदलल्यावर क्रियाशीलता वाढते की नुसता खडबडीतपणा, हे पत्र्यावरच्या द्विस्तर-धारितेशी (पृष्ठभागालगत किती विद्युतभार साठतो त्या मापाशी) ताडून कळतं. ही धारिता निव्वळ क्षेत्रफळ म्हणून वापरू नका, नमुन्यांची आपसांत तुलना करण्यापुरती ठेवा. दोन, भट्टीची वाट: फोमवर निकेल मॉलिब्डेटच्या कांड्या १५० अंशांना ६ तास ऑटोक्लेव्हमध्ये वाढवायच्या आणि मग आर्गॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन असलेल्या वायूत ५०० अंशांना २ तास क्षपण करायचं. त्यातून मॉलिब्डेनम ऑक्साइडवर निकेल-मॉलिब्डेनमचे बारीक कण मिळतात. २०१७ मध्ये अशाच रचनेसाठी १० मिलीअँपिअरला १५ मिलीव्होल्ट नोंदले गेले होते. भट्टी पूर्ण गार होईपर्यंत वायू बंद करू नका आणि हवा हळूहळू आत घ्या. ताजं क्षपित झालेलं बारीक धातू हवेत एकदम काढलं तर तापतं, कधी पेटतंही.

एवढं झाल्यावर निकेल काउंटर, त्याच दिवशी कॅलिब्रेट केलेला रेफरन्स, कडा बंद केलेले तीन तुकडे आणि शेजारी कोरा फोम, असं मोजमाप १०, १०० आणि ३०० मिलीअँपिअरला घ्या. ५० आवर्तनांनंतर तेच पुन्हा घ्या. हे सहा आकडे आणि द्रावणातलं मॉलिब्डेनम कळवलंत, तर कोबाल्ट घालायचा की नाही यावर नेमकं बोलता येईल.